झाडाला नंबर, घराला नाही!

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. चाकणच्या पलीकडच्या एका गावातून बौद्धवस्तीतल्या चार महिला पिंपरीतल्या माझ्या कार्यालयात आल्या. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही आणि त्या महिलांना त्याच गावात राहायचे आहे. जय भीम झाला, पाणी झाले. मग त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या मावशींनी पिशवीतून पत्र्याचा एक बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर रंगाने आकडा लिहिला होता, ४१७.

"वकीलसाहेब, गायरानात झाडं लावल्यात, त्यातल्या एका झाडाचा ह्यो नंबर. माझ्या शेळीनं त्याचा शेंडा खाल्ला म्हणून पाचशे रुपये दंड सांगितलाय. आमी चाळीस वर्सं त्या गायरानाच्या कडंला राहतोय. झाडाला नंबर हाय, आमच्या घराला न्हाई."

मावशी चेष्टेने बोलत नव्हत्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत त्यांच्या घराची नोंद खरोखरच नाही. नोंद नाही म्हणून घरकुल नाही आणि घरकुल नाही म्हणून चाळीस वर्षांनंतरही डोक्यावर पत्राच आहे. शेजारी लावलेल्या रोपांची नोंद मात्र आहे. प्रत्येक रोपाला क्रमांक, खड्डा, ठिबकची नळी आणि चहूबाजूंनी काटेरी तार!

त्या गावात झाले ते असे. औद्योगिक पट्ट्यातल्या एका मोठ्या कंपनीने सामाजिक जबाबदारीच्या निधीतून गावाच्या गायरानावर झाडे लावायचे ठरवले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. म्हणजे हा काही उपकार नाही, कायद्याने लागू झालेले देणे आहे. गावात वृक्ष समिती स्थापन झाली. तेरा सदस्य, त्यात बौद्धवस्तीतला एकही नाही. समितीचा ठराव ज्या ग्रामसभेत झाला ती तहकूब सभा होती. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. ही पळवाट गावातल्या प्रस्थापितांना तोंडपाठ असते. आपल्या लोकांना मात्र ती वकिलाकडे आल्यावर कळते!

समितीने तीन नियम केले. गायरानात जनावर सोडायचे नाही. झाडावर, झुडपावर कुऱ्हाड चालवायची नाही. आणि दर रविवारी घरटी एका माणसाने श्रमदानाला यायचे. न आल्यास शंभर रुपये. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी शंभर रुपये टाकले आणि मोकळे झाले. ज्यांच्या घरी शंभर रुपये ही अर्ध्या आठवड्याची भाजी आहे, त्यांनी खड्डे खणले.

मी झाडांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, कारण असे काही लिहिले की लगेच 'यांना विकासही नको आणि पर्यावरणही नको' अशी ओरड होते. चाकण-तळेगाव रस्त्यावर मे महिन्यात एकदा दुपारी उभे राहून पाहावे. कंटेनरची रांग, डिझेलचा धूर आणि सावलीला एक झाड नाही. इंद्रायणीचे पाणी आळंदीला फेसाळलेले असते, हे वारीच्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. या पट्ट्यात टिकलेली झाडी बरीचशी देहूरोडच्या लष्करी हद्दीत आहे, कारण तिथे बिल्डरला शिरकाव नाही. म्हणून गावाने झाडे लावावीत, जगवावीत, पाणी अडवावे, हे शंभर टक्के मान्य. प्रश्न एवढाच आहे की जेव्हा 'लोकसहभाग' म्हणतात तेव्हा त्यातले लोक कोण?

महाराष्ट्रात या कामाचे जे आदर्श सांगितले जातात त्यांची पंचसूत्री शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे: नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांनी पाणी अडवले, डोंगर हिरवे केले, हे कुणी नाकारू नये. परंतु चराईबंदीचा भार कुणाच्या डोक्यावर येतो? ज्याच्या बांधावर गवत आहे, ज्याच्या विहिरीला पाणी आहे, तो गोठ्यात वैरण टाकतो. ज्याची दोन शेळ्या एवढीच मालमत्ता आहे आणि ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याची शेळी गायरानातच जाणार. कुऱ्हाडबंदी गॅस असलेल्या घराला नैतिक वाटते, मोळीवर चूल पेटणाऱ्या घराला ती उपासमार वाटते. मुकुल शर्मा यांनी राळेगणसिद्धीचा अभ्यास करताना आणि पुढे २०१७ च्या 'कास्ट अँड नेचर' या पुस्तकात दलित आणि पर्यावरण यांच्या नात्याचा हाच प्रश्न उभा केला. आपल्या चळवळीत त्याची चर्चा फारशी झाली नाही, ही खंत आहे.

राहिले श्रमदान. दान स्वेच्छेचे असते. न आल्यास दंड असेल तर ते दान कसले? संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली आहे. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले कामसुद्धा अनुच्छेद २३ च्या अर्थाने सक्तीचे श्रमच होय. इथे तर मजुरी शून्य! शासनाला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेता येते, पण धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेद न करता, असे त्याच अनुच्छेदात पुढे लिहिले आहे. गावातली एक समिती म्हणजे शासन नव्हे आणि कायद्याने अधिकार दिल्याशिवाय तिला दंड बसवता येत नाही.

आमच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, बांध घातले, सुकडी खाल्ली. तिच्यासारख्या लाखो हातांनी महाराष्ट्रभर पाझर तलाव आणि नालाबांध उभे केले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा त्या कामाला हक्काची मजुरी मिळू लागली. मृद व जलसंधारण हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण ते काम तिने केले होते. आज तेच काम तिच्या नातवंडांकडून फुकट करून घेऊन त्याचे फोटो कंपनीच्या अहवालात छापले जातात.

या विषयावर भाषण झाले की गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचे उदाहरण हमखास येते. मोठे गाव आहे ते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार त्यांनी मिळवला. २०११ साली वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे आले होते. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. पण मेंढा हे गोंड आदिवासींचे गाव आहे. तिथे 'आमचे गाव' म्हणताना आमचे कोण आणि परके कोण हा प्रश्न असा पडत नाही. आमच्या खेड, मावळ, मुळशी, शिरूरच्या गावांत गावठाण एका बाजूला आणि बौद्धवस्ती दुसऱ्या बाजूला, मध्ये ओढा. अशा गावात सर्वसहमती याचा अर्थ गावठाणाची सहमती आणि वस्तीचे मौन एवढाच होतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला स्थानिक संकुचितपणाचे डबके ठरवले तेव्हा अनेक सभासदांना राग आला होता. त्यांना गाव वरच्या आळीतून दिसत होते, बाबासाहेबांना ते वेशीबाहेरून दिसत होते.

नैसर्गिक साधनसंपत्ती हा आपल्या चळवळीला परका विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी महाड आठवावे. २० मार्च १९२७ चा संगर पाण्यासाठी होता. त्यात कागदाचा धडाही आहे. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता, पण तो कागदावर राहिला. सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये तोही मागे घेतला गेला. मग खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही. दहा वर्षे! पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक जमीन भूमिहीनाला द्या ही त्यातली मुख्य मागणी होती आणि तिच्यासाठी लाखो माणसे तुरुंगात गेली. आज गायरानाच्या कडेला जी घरे आणि वहिवाटी दिसतात त्यांच्यामागे ही चळवळ आहे. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांनी तिला पुढे नेले. सरकारी भाषेत मात्र त्या सगळ्याला एकच शब्द आहे, अतिक्रमण.

आता कायद्याचे बोलतो, कारण गावोगाव या मुद्द्यावर आपल्या लोकांना घाबरवले जाते. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावच्या तळ्यावर काही लोकांनी कब्जा केला होता, त्यावरून. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणे काढा, असे न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले. महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ ला त्यानुसार निर्णय काढला. तहसीलदारापासून ग्रामसेवकापर्यंत प्रत्येकाच्या फायलीत हा निकाल असतो. पण त्या निकालाचा शेवट कुणी वाचून दाखवत नाही! शासकीय अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असेल, किंवा तिथे शाळा, दवाखाना अशी लोकोपयोगी सोय असेल, तर अशा अपवादात्मक प्रकरणी नियमित करता येईल, असे त्याच निकालात नमूद आहे. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी, २८ नोव्हेंबर १९९१ रोजी, १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली शासकीय पडीक व गायरान जमिनीवरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय झालेला आहे. किती वस्त्यांनी त्याप्रमाणे पुरावे देऊन अर्ज केले? मी फिरलो तिथे निम्म्याहून अधिक लोकांना हा निर्णय माहीतच नव्हता.

२०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानाच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली तेव्हा राज्यात अशी दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे शासनाने सांगितले. नोटिसांचा पाऊस पडला. त्या नोटिसा आधी कुणाच्या दारावर चिकटल्या हे वेगळे सांगायला नको. मोठ्यांचे काय? १५ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने पुण्याच्या कोंढवा बुद्रुक येथील सुमारे ११.८९ हेक्टर राखीव वनजमिनीचा व्यवहार बेकायदा ठरवला. शेतीसाठी म्हणून दिलेली वनजमीन गृहनिर्माण संस्थेकडे गेली होती. राजकारणी, अधिकारी आणि बिल्डर यांच्या साखळीवर न्यायालयाने स्पष्ट बोट ठेवले आणि महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वने खासगी हाती गेली आहेत का, हे तपासण्यासाठी सर्व राज्यांना विशेष पथके नेमायला सांगितले. एका बाजूला ३० एकर वन, दुसऱ्या बाजूला मावशींची शेळी. दंडाची पावती कुणाच्या नावाने फाटते ते पाहा!

एक कटू गोष्ट आपल्या घरचीही सांगितली पाहिजे. त्या तहकूब ग्रामसभेला वस्तीतला एकही तरुण हजर नव्हता. जयंतीच्या मिरवणुकीला दोनशे आणि ग्रामसभेला दोन, हा आपला हिशेब आहे. वस्तीतली पोरे कंपनीत कंत्राटी कामाला, बारा-बारा तासांची पाळी, हे खरे. पण १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला तर सुट्टी असते ना? महार वतनाच्या जमिनीबाबतही असेच झाले. बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, १९५८ च्या कायद्याने वतन रद्द होऊन जमिनी आपल्या नावे झाल्या, आणि कारखाने आले तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या त्या जमिनी आपल्याच काही माणसांनी दलालाच्या एका साध्या कागदावर देऊन टाकल्या. अशा किती फायली माझ्या कपाटात आहेत! गायरानाबाबत तरी ते होऊ नये.

पुढे त्या गावात काय झाले ते सांगतो. आम्ही लगेच न्यायालयात गेलो नाही. मावशींनी दंड भरायला लेखी नकार दिला आणि दंड कोणत्या कायद्याखाली आहे, अशी विचारणा केली. उत्तर आले नाही. दंडाची भाषा मात्र थांबली. मग गायरानाचा सातबारा, फेरफार आणि तहकूब सभेचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागवले. २६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेला वस्तीतून ६३ माणसे गेली, त्यात ४१ महिला. गावठाणातले काही धनगर आणि एक-दोन लहान शेतकरी आमच्या बाजूने बोलले, कारण चराईबंदीने त्यांचीही अडचण झालेली होती. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गायरानाचा प्रश्न आपण केवळ आपला म्हणून मांडला तर हरतो, मेंढपाळाला बरोबर घेतले तर जिंकतो.

ठराव दुरुस्त झाला. समितीत वस्तीतले तीन सदस्य, त्यात दोन महिला. श्रमदान ऐच्छिक, खड्डे आणि पाणी घालण्याचे काम कंपनीच्या निधीतून मजुरीने, आणि आधी वस्तीतल्या भूमिहीनांना. गायरानाचे तीन तुकडे करायचे, एका वेळी एकच बंद ठेवायचा. बंद तुकड्यातले मारवेल आणि पवन्याचे गवत दिवाळीनंतर विळ्याने कापून न्यायचे, घरटी सारख्या पेंढ्या. रोपांच्या यादीवर सर्वांत जास्त भांडण झाले. कंपनीच्या माळ्याने शोभेची झाडे आणि गिरिपुष्प सुचवले होते. महिलांनी बोर, बाभूळ, करंज, जांभूळ आणि कडुनिंब मागितले. बाभळीची शेंग शेळी खाते, फांदी चुलीला होते, बोरे पोरे खातात. माळी म्हणाला, बाभूळ फोटोत चांगली दिसत नाही. मावशी म्हणाल्या, "फोटू तुमी न्या, बाभूळ आमाला ऱ्हाऊ द्या." बाभूळ लागली.

फलकाचा वाद मात्र राहिला. गायरानाच्या तोंडाशी कंपनीच्या नावाचा मोठा फलक आहे, त्यावर पाणी घालणाऱ्या एकाही बाईचे नाव नाही. देहूरोडजवळ घोरावडेश्वराच्या डोंगरावर शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोने दिलेल्या दानाची नोंद आहे, नावासकट. दोन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या बायकोचे नाव दगडात कोरले गेले. ते मी ग्रामसभेत सांगितले तेव्हा सरपंच हसले, पण फलक बदलला नाही.

आणि घराचा नंबर? वस्तीची घरे नेमकी गायरानाच्या गटात आहेत की शेजारच्या गावठाणाच्या हद्दीत, यावर सगळे अडले आहे. वस्तीची स्मशानभूमीही त्याच गटात आहे आणि तिची वाट तारेच्या कुंपणातून जाते. सध्या तिथे एक फाटक बसवले आहे, चावी समितीच्या अध्यक्षांकडे. माणूस मेला की आधी चावी आणायला जायचे! भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दिला आहे, शुल्क वस्तीने वर्गणी काढून भरले आहे. १९९० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे म्हणून जुन्या मतदार याद्या, शाळेचे दाखले आणि एका घरातून १९८६ चे रेशनकार्ड सापडले आहे. तुमच्या वस्तीत असे कागद ट्रंकेत पडून असतील तर ते काढा, झेरॉक्स करा आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नका, मलाही नाही. मोजणीची तारीख मिळाली की मावशी निरोप पाठवणार आहेत. ४१७ नंबरच्या झाडाला नवा शेंडा फुटला आहे, हेही त्यांनीच फोनवर सांगितले.